वायलरचे जिने

अगं पोरी,

तुझी फिल्म पाहिली. आधी मोबाइलवर पाहिली, मग आपण काहीतरी पाप केलं असं वाटलं म्हणून टीव्हीला जोडून पुन्हा. तुला जे ऐकायचंय ते आधी सांगून टाकतो. मुलगी चांगली निवडलीस, वडिलांचं काम करणारे गृहस्थ तर फारच चांगले आहेत आणि आवाज स्वच्छ आहे. आता मला जे विचारायचंय ते. ती बॅग रिकामी होती ना?

घर सोडून निघालेली मुलगी चाळीचा लाकडी जिना उतरतेय, हातात भलीमोठी सुटकेस, आणि ती सुटकेस जत्रेतल्या फुग्यासारखी डोलतेय. एका पायरीला आपटली तेव्हा आवाज पोकळ आला. त्यावर तू व्हायोलिन टाकलंस. पण मी चौतीस वर्षं एडिटिंग टेबलावर काढली आहेत. व्हायोलिन कुठे भावनेसाठी असतं आणि कुठे भोक बुजवण्यासाठी, एवढं मला कळतं.

तुझ्या बॅगेवरून मला जुन्या हॉलिवूडचा दिग्दर्शक विल्यम वायलर आठवला. तू पत्रात लिहिलंस की जुनं हॉलिवूड म्हणजे हिचकॉक आणि जॉन फोर्ड हे दोन दिग्दर्शक, बाकीचे कारखान्यातले नोकर. मी तुझ्या वयाचा असताना माझंही तेच मत होतं, म्हणून रागावत नाही. पण या माणसाचे तीन-चार सीन तुझ्या जिन्याच्या सीनशेजारी ठेवून बघावेत असं फार वाटलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

बॅगेची गोष्ट आधी. १९४९चा 'द एअरेस'. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमधलं श्रीमंत डॉक्टरचं घर, त्याची साधी, बुजरी मुलगी कॅथरीन. ज्याच्याबरोबर पळून जायचं ठरलंय तो रात्री येतच नाही. मग ती सामान उचलून जिना चढून परत आपल्या खोलीत जाते. बस, एवढाच शॉट. ऑलिव्हिया डी हॅविलँड चढतेय आणि वायलर म्हणतोय, पुन्हा. पुन्हा. शेवटी वैतागून तिने ती बॅग त्याच्या दिशेने फेकली म्हणतात. बॅग हलकी आहे हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने ती पुस्तकांनी भरायला लावली आणि मग तिला जिना चढायला सांगितलं. पडद्यावर जे दिसतं ते बघच. बाई जिना चढत नाही, स्वतःलाच पायरी पायरीने वर ओढून नेते. त्या भूमिकेला तिला ऑस्कर मिळालं. सगळं श्रेय पुस्तकांना देत नाही मी, पण थोडं द्यायला हवं.

या माणसाला सेटवर 'फॉर्टी टेक वायलर' म्हणायचे. जन्म १९०२चा, अल्सेसमधल्या म्यूलूझ गावातला; तेव्हा तो भाग जर्मनीत होता. आईच्या नात्यातला कार्ल लेमली हा युनिव्हर्सल स्टुडिओचा मालक. म्हणजे वशिल्याने आलेला पोरगा, हे आधीच सांगतो, नाहीतर तू नंतर शोधून काढून मला ऐकवशील. आला आणि निरोप्या, हरकाम्या, असिस्टंट असं करत करत १९२५ पासून दोन रिळांचे वेस्टर्न काढायला लागला. काही दिवसांत एक संपवायचा, की दुसरा सुरू. गोष्ट तीच, घोडा तोच. रात्री अंथरुणात पडून, घोड्यावर बसायची आणखी कुठली नवी तऱ्हा दाखवता येईल याचा विचार करायचो, असं तो पुढे सांगायचा. तू ज्या मालिकेवर असिस्टंट आहेस तिच्या नावाने पत्रात चार ओळी बोटं मोडली आहेस ना, त्या लिहिताना हा घोडा तुला ठाऊक नव्हता. सासूबाई रोज त्याच दारातून आत येतात. येऊ देत. आज कशा येतात ते बघ.

आता टेकबद्दल. 'जेझबेल'मध्ये, १९३८ साली, बेटी डेव्हिस घोड्यावरून उतरते, हातातल्या चाबकाने लांब झग्याचा घोळ उचलते आणि घरात शिरते. एवढ्याचे वायलरने तीस-चाळीस टेक घेतले. ती भडकली, आणि तो नेमकं काय हवंय ते सांगेना. नंतर तिने ते टेक पडद्यावर पाहिले, तेव्हा फरक कळला असं तिनेच सांगून ठेवलंय. त्या सिनेमाला तिला ऑस्कर मिळालं. लॉरेन्स ऑलिव्हिए रंगभूमीवरचा मोठा नट, सिनेमाला जरा खालचं समजणारा. सिनेमाची कदर करायला वायलरने शिकवलं हे पुढे त्यानेही मान्य केलं. चार्ल्टन हेस्टनची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. 'बेन-हर'च्या वेळी वायलर त्याला म्हणाला, तुझं काम याहून चांगलं व्हायला हवं. कसं करू, विचारल्यावर म्हणाला, ते मला ठाऊक नाही, असतं तर सांगितलं असतं.

हे वाचून उद्या सेटवर चाळीस टेक घेऊ नकोस. तुझ्याकडे कार्ड आहे, डिलीटचं बटण आहे, त्यामुळे टेक फुकट वाटतात. नटाचा दम फुकट नसतो. आणि वायलरमध्ये दुष्टपणाही होता, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. 'रोमन हॉलिडे'त गाडीतल्या निरोपाच्या सीनला ऑड्री हेपबर्नला रडू येईना, तर हा तिच्यावर खेकसला, आणि ती खरंच रडली. ऑड्रीने ही गोष्ट हसत हसत सांगितली, ती तिची दानत. आपल्याकडे असं करणारे दिग्दर्शक मी पाहिलेत. त्यांना ते रडू मिळतं, पण पुढचे दहा दिवस ती मुलगी कॅमेऱ्यासमोर अंग चोरून उभी राहते आणि ते आम्हाला एडिटला दिसतं.

गंमत अशी की त्याच सिनेमात, सत्याच्या मुखाच्या (खोटारड्याचा हात तोडतं म्हणतात त्या रोममधल्या दगडी तोंडाच्या) सीनला, ग्रेगरी पेकने हात बाहीत लपवला आणि तो तुटल्याचं नाटक केलं. ऑड्रीला आधी काही सांगितलेलं नव्हतं. ती किंचाळली ती खरीच. चाळीस टेकवाल्याने तिथे एका टेकवर समाधान मानलं. म्हणजे आकड्याला काही अर्थ नव्हता. समोर घडलं की त्याला कळायचं, आणि घडेपर्यंत तो थांबायचा.

आता दुसरा जिना. हा नीट बघ, कारण तुझ्या सीनचं दुखणं इथे आहे.

'द लिटल फॉक्सेस', १९४१. नवरा हृदयविकाराने आजारी, चाकाच्या खुर्चीत. बायको रेजिना म्हणजे बेटी डेव्हिसच, नवऱ्याच्या पैशावर डोळा ठेवून. बोलता बोलता त्याला झटका येतो. औषधाची बाटली हातातून पडून फुटते. दुसरी बाटली वर, खोलीत. तो तिला आणायला सांगतो. ती हलत नाही. तो कसाबसा उठतो आणि तिच्या मागून धडपडत जिन्याकडे जातो.

तू हा सीन कसा कापशील? मी सांगतो, कारण मीही तसाच कापला असता. त्याचे लटपटणारे पाय. तिचे डोळे. कठड्यावरचा त्याचा हात. तिचे डोळे. पायरी. घाम. वायलर कॅमेरा डेव्हिसच्या चेहऱ्यासमोर ठेवतो आणि हलवत नाही. ती पुढे, ताठ बसलेली. नवरा मागे जिन्यावर कोसळतोय आणि तो धूसर आहे, आउट ऑफ फोकस. कॅमेरामन ग्रेग टोलंड. म्हणजे जगात ज्या माणसाला पुढचं-मागचं सगळं एकदम स्पष्ट दाखवता येत होतं, तोच. त्याच वर्षी 'सिटिझन केन' त्यानेच टिपला होता. त्याला तो जिना लखलखीत दाखवणं अवघड नव्हतं. त्यांनी तो मुद्दाम धूसर ठेवला. आपण खुर्चीच्या कडेला येतो, मान पुढे काढतो, मागे काय चाललंय ते बघायला धडपडतो, आणि बघताना सारखी ही बाई आड येते. जी मदत करणार नाही, तीच आपल्या वाटेत बसलीय.

आता तुझ्या फिल्ममधलं धूसरपण आठव. भाड्याने महागडी लेन्स आणलीस, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, उघडं टाकलंस, मागची सगळी चाळ विरघळवून टाकलीस. का? दिसायला 'सिनेमा' वाटतं म्हणून. टोलंडच्या काळी मागचं स्पष्ट ठेवायचं तर डोळे दिपतील असे दिवे, जास्त वेगाची फिल्म आणि लेन्सचं तोंड बारीक, एवढा खटाटोप लागायचा. तुझ्या खिशातल्या मोबाइलला ते फुकट जमतं. आणि आपण पैसे मोजून ते पुसतो! पुस की. पण काय पुसतोय आणि कुणाला पुसतोय एवढं स्वतःला विचार.

बेटी डेव्हिस आणि वायलर या सिनेमात इतके भांडले की ती मध्ये सेट सोडून गेली होती. त्यानंतर दोघांनी एकत्र काम केलं नाही. असो.

मग युद्ध आलं. वायलर चाळिशीत होता, नाव झालेलं होतं, घरी बसला असता तरी कुणी बोललं नसतं. तो अमेरिकेच्या हवाई दलात गेला, जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघालेल्या विमानांत स्वतः बसून माहितीपट शूट केला. १९४४चा 'द मेम्फिस बेल'. त्याच्या चमूतला एक जण अशाच एका मोहिमेवर गेला तो परत आला नाही. पुढे इटलीवर उडताना विमानाच्या आवाजाने वायलरचेच कान गेले. एका कानाने तर कायमचं ऐकू येईनासं झालं. परत आल्यावर सेटवर हेडफोन लावून, साउंडच्या लाइनवरून संवाद ऐकायचा.

आणि मग त्याने 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' केला, १९४६ साली. युद्धावरून घरी परतलेले तीन सैनिक. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा आहे. एका बैठकीत बघ, तुकड्या-तुकड्यात नको. तिघांपैकी होमरचं काम हॅरल्ड रसेल नावाच्या माणसाने केलंय. तो नट नव्हताच. सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले होते आणि त्या जागी लोखंडी आकडे होते. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकटाच. नटनट्यांना वायलरने कपडे साध्या दुकानातून विकत घ्यायला लावले आणि शूटिंगच्या आधीपासून वापरायला लावले. सेटसुद्धा खऱ्या घराच्या मापाचे, नेहमीसारखे ऐसपैस नाहीत. तुझ्या नायिकेच्या ड्रेसच्या घड्या मला वाइड शॉटमध्ये मोजता आल्या, म्हणून सांगतोय.

यातला बारमधला सीन. फ्रेड हा दुसऱ्या सैनिकाच्या, अल्‌च्या, मुलीच्या प्रेमात आहे आणि फ्रेडचं लग्न झालेलं आहे. अल् त्याला सांगतो, माझ्या मुलीचा नाद सोड. फ्रेड उठतो आणि तिला फोन करायला जातो. फोनची खोकी बारच्या पार दुसऱ्या टोकाला, दारापाशी. फ्रेममध्ये तो एवढासा दिसतो, नखाएवढा. आणि पुढे, अगदी आपल्यासमोर, होमर आपल्या मामा-काकापैकी कुणाबरोबर तरी पियानो वाजवतोय. लोखंडी आकड्यांनी. अल् पियानोला टेकून उभा आहे, ऐकल्यासारखं करतोय, आणि त्याची नजर मागे जातेय. फोनवर काय बोलणं झालं ते आपल्याला ऐकू येत नाही. एका मुलीचं काळीज तुटतंय आणि आपल्या कानात पियानोची पोरकट धून.

सिनेमाचं मोठं दुःख फ्रेमच्या कोपऱ्यात आणि लहानसं सुख मधोमध. कुठे बघायचं ते तुझं तू ठरव, असं म्हणून वायलर बाजूला होतो. पूर्ण नाही होत, बरं का. अल् फोनकडे बघतोय असे एक-दोन जवळचे शॉट त्याने मध्ये घातलेत. त्यालाही शेवटी प्रेक्षकाची काळजी वाटलीच. मला तो त्या क्षणी फार जवळचा वाटतो.

फ्रान्समध्ये समीक्षक आंद्रे बाझाँने १९४८ मध्ये वायलरवर मोठा लेख लिहिला, त्यात या सीनची चिरफाड आहे. त्याने मोजलं होतं: या सिनेमात तासाला दोनशेहूनही कमी शॉट, तेव्हाच्या सिनेमांत सर्रास तीन-चारशे असायचे. एडिटर डॅनियल मँडेल. त्याला याच सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, कमी कापल्याबद्दल. आमच्या धंद्यात हे मी फार अभिमानाने सांगतो. त्याच सुमारास तिथला एक समीक्षक 'फोर्ड मुर्दाबाद, वायलर झिंदाबाद' अशा अर्थाची आरोळी ठोकून मोकळा झाला होता. मग हवा फिरली. वीस वर्षांनी अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सॅरिसने दिग्दर्शकांची उतरंड लावली तेव्हा वायलरला 'दिसतो तेवढा नाही' अशा रांगेत बसवलं. कारण काय, तर याची म्हणून शैली दिसत नाही. वेस्टर्न करतो, शोकांतिका करतो, रोमन रथ करतो, शेवटी शेवटी बार्ब्रा स्ट्रायसँडला घेऊन गाण्यांचा सिनेमासुद्धा करतो. दिग्दर्शनासाठी बारा नामांकनं आणि तीन ऑस्कर, तरी शैली नाही! तुझं 'माझी शैली कधी सापडणार' हे वाक्य वाचलं तेव्हा मला हेच आठवलं आणि थोडं हसू आलं, माफ कर.

'बेन-हर'वर वेळ घालवू नकोस. अकरा ऑस्कर वगैरे ठीक आहे, पण रथांची शर्यत दुसऱ्या युनिटने काढलेली आहे, आणि त्या आडव्या लांबलचक पडद्याचं काय करायचं हे वायलरला शेवटपर्यंत नीट उमगलं असं मला वाटत नाही. १९२५च्या मूकपटातल्या 'बेन-हर'च्या शर्यतीत तो गर्दी आवरणाऱ्या असिस्टंटांपैकी एक होता, एवढी नोंद मात्र ठेव. पुढच्या वेळी कुणी तुला पन्नास ज्युनिअर आर्टिस्टांना रांगेत उभं करायला सांगेल तेव्हा उपयोगी पडेल.

आता तुझा जिना.

एक मिनिट पन्नास सेकंदांत एकतीस कट आहेत. मी मोजले. जो बोलतो त्याचा चेहरा, हा हिशेब. आधी वाटलं, तू कव्हरेज, म्हणजे एकाच सीनचे वेगवेगळ्या बाजूंनी शॉट, भरपूर घेतलंयस आणि घेतलंय म्हणून वापरलंयस. मग परत बघताना एक गोष्ट दिसली आणि मी उठून बसलो.

वाइड शॉट आहे, जिन्याच्या वरून. मुलगी बॅग घेऊन उतरतेय, बाप दुधाची पिशवी घेऊन चढतोय. अरुंद जिना. दोघं समोरासमोर येतात. आणि ते गृहस्थ काय करतात? भिंतीकडे सरकतात. चाळीत सामान घेऊन कुणी येत असेल तर आपण सरकतो तसे, पिशवी दुसऱ्या हातात घेत, पाठ भिंतीला लावत. मुलगी घर सोडून चाललीय आणि बापाचं शरीर सवयीने तिला वाट करून देतंय. हे तू त्यांना सांगितलं होतंस? मला नाही वाटत. पिशवी या हातातून त्या हातात जायच्या आतच तू कट मारून डोळ्यांतल्या पाण्याच्या क्लोजअपवर गेलीस. सरकण्याचा तो क्षण पडद्यावर जेमतेम दीड सेकंद आहे.

मी तुला बोलतोय खरा, पण हे पाप माझ्याही नावावर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेच्या एपिसोडमध्ये चार सेकंद जास्त होत होते. एका ज्येष्ठ नटीने उत्तर द्यायच्या आधी घेतलेला ठहराव मी उडवला. रात्री एपिसोड लागला आणि तिचा फोन आला. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "अरे, माझा श्वास होता तो." कुठलीही जाहिरात चार सेकंदांनी कमी करता आली नसती का, हा विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला. तेव्हा तो सुचून काय उपयोग.

तर रविवारी दुपारी ये. जिन्याचं सगळं रॉ फुटेज आण, निवडलेलं नको, सगळंच. त्या वरच्या वाइडचे किती टेक आहेत ते आधी बघू. ते गृहस्थ सरकतात तो टेक पुढे कुठवर चालतो, मुलगी त्यांच्या शेजारून जाताना बॅग त्यांना घासते का, ते तिच्या पाठीकडे बघतात की हातातल्या दुधाकडे, हे मला बघायचंय. क्लोजअप एकही न वापरता तो एकच शॉट लावून बघू. कंटाळा आला तर तुझा एक कट मी परत घेईन. एक. एकतीस नाही.

आणि जिना परत शूट करायचं ठरलं तर माझ्याकडे जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे आहेत, ते बॅगेत भरून ने. परत आणून दे मात्र, त्यातले काही वाचायचे राहिलेत.

माझा अंदाज असा आहे की त्या टेकपुढे लॉगशीटवर तुझ्याच अक्षरात 'एनजी', म्हणजे नॉट गुड, लिहिलेलं असणार. त्याच फोल्डरपासून सुरुवात करू. लॅपटॉपचा चार्जर विसरू नकोस, तुझी पिन माझ्याकडे नाही.

तुझा,
एडिटिंगवाला काका